अक्षरजाळीची नोंदणी

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या जनावरांच्या दवाखान्यात धम्मानंद खंदारे पट्टीबंधक होता. पट्टीबंधक म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस. बैल पाडायचा, पाय बांधायचे, जखम धुवायची, अळ्या काढायच्या, मलम भरून पट्टी बांधायची. डॉक्टर बहुतेक दौऱ्यावर, नाहीतर सेनगावला बैठकीत. त्यामुळे दारात गाय घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला धम्मानंदच दिसायचा आणि शिव्याही तोच खायचा. संध्याकाळी घरी आला की मोरीत बसून कोपरापर्यंत हात घासायचा. तरी तो वास जायचा नाही. जेवताना डावा हात मांडीखाली घालून बसायची त्याला सवयच लागली होती.

या माणसाला शब्दकोडी तयार करायची हौस होती. सोडवायची नव्हे, तयार करायची.

हौस लागली ती लहानपणी, वडिलांमुळे. पुंजाजी खंदारे मोठेपणी अक्षर शिकलेले. किराणा बांधून आलेला वर्तमानपत्राचा कागद ते फेकू द्यायचे नाहीत, हातानं सपाट करून पोराला वाचायला लावायचे. अशा कागदांवर कधीमधी शब्दकोडं असायचं, पण अर्धंच. निम्मं कोडं मिरचीच्या पुडीबरोबर दुसऱ्या कुणाच्या घरी गेलेलं. मग पोरगं उरलेलं निम्मं स्वतःच आखायचं आणि त्याला पाहिजे ते शब्द बसवायचं. उत्तर तपासायला दुसरा कागद कधीच यायचा नाही, त्यामुळे आपलं चुकलं असं त्याला कधी वाटलंच नाही. नोकरी लागली, लग्न झालं, एक मुलगी झाली, तरी हे चालूच राहिलं.

मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. आडव्या शब्दातला ‘त्ती’ उभ्या शब्दातही ‘त्ती’च पाहिजे, नुसता ‘त’ चालत नाही. एक शब्द बदलला की चार शब्द मोडतात. धम्मानंद आखीव कागदावर पेन्सिलनं लिहायचा आणि इतकं खोडायचा की कागदाला भोकं पडायची.

त्र्याण्णव साली त्याची कोडी हिंगोलीच्या एका साप्ताहिकात यायला लागली. साप्ताहिकाचे मालक, संपादक आणि वार्ताहर एकच, ओमप्रकाश आडे. लिंबाळ्याकडच्या तांड्यावरचा माणूस, शिकून शहरात आला, बापाचा बैल विकून छपाईचं जुनं यंत्र घेतलं आणि मग त्या यंत्राच्याच मागं आयुष्य गेलं. पेपर चालायचा सरकारी जाहिरातींवर आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसांवर. कोड्याला मानधन नव्हतं. तसं आडेंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि धम्मानंदनं ते ऐकलंही नव्हतं. आपलं कोडं छापून येणार याच आनंदात तो होता.

नव्याण्णव साली हिंगोली जिल्हा झाला. जिल्ह्याला कलेक्टर आला तसा आडेंच्या पेपरला संगणक आला. खिळे जुळवणारा म्हातारा घरी गेला आणि कुलदीप नावाचा माणूस अर्धा दिवस येऊन पानं लावायला लागला. उरलेला अर्धा दिवस त्याचा बसस्थानकामागं संगणकाचा क्लास होता. कुलदीपचा हात वेगवान होता, पण शब्दकोडं म्हटलं की तो वैतागायचा. काळी घरं सरकायची. वेलांट्या उडायच्या. एकदा ‘तूर’चं ‘तर’ झालं आणि शेजारचे सगळे शब्द अडकले. गोरेगावच्या बाजारात एका मास्तरनं धम्मानंदला चारचौघांत विचारलं, “खंदारे, तुमी झोपेत बनवता काय हे?”

धम्मानंद हिंगोलीला जाऊन कुलदीपला भेटला. कुलदीपनं हात जोडले.

“भाऊ, माझ्यानं हे होत न्हाई. तुमीच बनवून फ्लॉपीवर आणून देत जा. मी नुसतं चिटकवतो.”

“मला कुठं संगणक येते?”

“येते. त्यात काय हाये? बैलापेक्षा गरीब जनावर हाये ते.”

अशा रीतीनं वयाच्या पस्तिशीला धम्मानंद रविवारी रविवारी जीपमध्ये कोंबून घेऊन हिंगोलीला क्लासला जायला लागला. पुढच्या वर्षी एका बंद पडलेल्या टायपिंगच्या संस्थेचा जुना संगणक त्यानं घरी आणला. बायको सपना अंगणवाडीत होती. तिनं काही म्हटलं नाही, फक्त धान्याची कोठी सरकवून कोपऱ्यात जागा करून दिली.

कुलदीपनं त्यात एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. त्याचं नाव अक्षरजाळी. मराठी शब्दकोडी करण्यासाठीच बनवलेलं. कुलदीपला ते वाशीमच्या मित्राकडून मिळालं होतं, त्या मित्राला आणखी कुणाकडून. त्यात घरं आखायची कटकट नव्हती. एका घरात अख्खं अक्षर बसायचं. आडवा शब्द बदलला की उभ्यातला जो मोडला तो लाल दिसायचा. पहिल्या दिवशी धम्मानंद नुसता शब्द घालत आणि मोडत बसला, लहान पोर चिखलात बसतं तसा.

अक्षरजाळी उघडली की आधी एक चौकट यायची. तिच्यात लिहिलेलं असायचं: ‘ही प्रत पाहण्यासाठी आहे. उपयोगी वाटल्यास कृपया पैसे भरून नोंदणी करा. धर्मसिंग चव्हाण, पुसद.’ खाली पत्ता आणि फोन नंबर.

“याचं काय करायचं?” धम्मानंदनं विचारलं होतं.

“एंटर मारायचा,” कुलदीप म्हणाला. “जाते ते.”

एंटर मारला की जायचं ते. काही अडायचं नाही. दर वेळी चौकट यायची, दर वेळी धम्मानंद एंटर मारायचा. पुढं पुढं ती चौकट त्याला दिसेनाशीच झाली.

सपनाला दिसली. एका रविवारी ती मागं उभी राहून केस विंचरत होती, तेव्हा तिनं वाचलं.

“हा मानूस रोज मांगून राहिला अन् तुमी रोज त्याले हाकलून राहिले.”

“तसं न्हाई ते. सगळेच तसं करतात.”

“सगळे करतात ते मले ठाव हाये. तुमाले इचारून राहिले मी.”

धम्मानंद जरा चिडला. “हे पाय, कोन्या धंद्यासाठी वापरतो काय मी? यातून मला एक छदाम भेटतो? दिवसभर जनावराच्या जखमात हात घालून येतो, दोन घटका मन रमवतो. जो कमावते त्यानं द्यावं. हौसेवर कसले पैसे?”

सपनानं विंचरलेले केस बोटाला गुंडाळले आणि उठून गेली. पटलं म्हणून गेली की नाही, ते त्याला कळलं नाही. त्याला स्वतःला मात्र आपलं म्हणणं बराबर वाटलं होतं. त्यात खोटंही काही नव्हतं.

दोनेक वर्षं अशी गेली. कोडी दर आठवड्याला बिनचूक छापून येऊ लागली. लोकांना आवडू लागली. आडे सांगायचे, की पेपर आला की सेतू केंद्रातले कारकून आधी मागचं पान उघडतात. तेव्हा धम्मानंदच्या मनात आलं, की निदान पेपरचा अंक तरी आपल्याला घरपोच यावा. तो त्याला विकत घ्यावा लागे, आणि गोरेगावात येईपर्यंत कधी कधी संपलेला असे. शिवाय कोड्याखाली आपलं नाव छापावं. नाव तोवर नसायचंच. एका गुरुवारी फ्लॉपी द्यायला गेला तेव्हा त्यानं धीर करून विषय काढला. मानधनाबद्दलही, जमलं तर, असं अडखळत म्हणून टाकलं.

आडे जाहिरातीचं बिल लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, “खंदारे, हौस हाये ना तुमची?”

“हौस तर हायेच, साहेब.”

“मंग? हौसेवर कसले पैसे?” मग जरा मऊ होऊन म्हणाले, “अंकाचं पाहू. मी काय गब्बर झालो काय यात? तुमीच पाहून राहिले ना.”

धम्मानंदनं फ्लॉपी ठेवली आणि बाहेर आला. गोरेगावची जीप भरायला वेळ होता. मागच्या फळीवर बसून त्यानं आपली चपलेतली बोटं बघितली. स्वतःच्या घरात, बायकोपुढं, आपण हेच म्हटलं होतं, याच शब्दांत, हे त्याला आठवलं. तेव्हा ते वाक्य किती सोपं वाटलं होतं. समोरून येऊन लागल्यावर त्याला धार आहे हे कळलं.

तरीही त्यानं लगेच काही केलं नाही. माणूस लगेच काही करत नाही. त्या साली खुरकुतीची मोठी साथ आली होती. गावोगाव लसी टोचत फिरताना त्याची कंबर धरली, आणि कोड्याचं सुख घ्यायलाही अंगात जीव राहिला नाही.

पावसाळा संपता संपता एक गोष्ट घडली. सेनगावहून परत येताना जीपमध्ये शेजारी बसलेला एक तरुण मांडीवर पातळ पुस्तिका ठेवून शब्दकोडं सोडवत होता. धम्मानंदची नजर सवयीनं गेली. आडवा शब्द अडला होता. तरुणानं विचारलं, “काका, ‘रोज जखमेशी नातं, पण डॉक्टर नव्हे’, पाच अक्षरं. सांगता काय?”

धम्मानंद पुस्तिकेवर वाकला.

“डॉक्टर नव्हे म्हणजे कंपौंडर. पण ते चार होते,” तरुण म्हणाला.

“पट्टीबंधक,” धम्मानंद म्हणाला.

“हे काय असते?”

“असते एक.”

त्यानं पुस्तिका मागून घेतली. पानं उलटली. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी कोडी त्याची होती. काही जुनी, अक्षरजाळीच्या आधीची, त्यातल्या चुकांसकट. वर ‘निवडक शब्दकोडी’ असं नाव आणि आत कुठल्यातरी प्रकाशनाचं नाव, ज्याचा पत्ता धड दिलेला नव्हता. करणाऱ्याचं नाव कुठंच नव्हतं. “कुठं भेटली ही?” विचारल्यावर तरुण म्हणाला, बसस्थानकावर. ढीग लागला आहे.

घरी आल्यावर त्यानं सपनाला सांगितलं. तिला वाटलं, आता हा भांडायला जाईल. तो खाटेवर आडवा झाला आणि छताकडं बघत राहिला.

“कोनासंगं भांडू?” तो म्हणाला. “ज्यानं छापलं त्याला मी कोन हाये ते ठाव बी न्हाई. त्याला वाटलं असंन, पेपरात आलं म्हणजे कोनाचंच न्हाई.”

सपना त्याच्या पायाशी बसली. मागचं काही तिनं काढलं नाही. तिला ते आठवत होतं हे त्याला ठाऊक होतं, आणि ती बोलली नाही याचं त्याला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दवाखाना सुटल्यावर तो एसटीडीच्या दुकानात गेला आणि चौकटीतला नंबर लावला. बऱ्याच वेळानं एका माणसानं उचलला. आवाज झोपेतून उठल्यासारखा.

“बोला. काय अडलं?”

“अडलं न्हाई काही. मी गोरेगावहून बोलतो, हिंगोली जिल्हा. धम्मानंद खंदारे. तुमची अक्षरजाळी वापरतो.”

“हो. काय बिघडलं सांगा.”

“बिघडलं न्हाई सर. पैसे भरायचे व्हते.”

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग धर्मसिंग चव्हाण म्हणाले, “बरं. मनीऑर्डर करा. नवी प्रत पाठवतो.”

मनीऑर्डर गेली. पाकीट आलं. त्यात नवी अक्षरजाळी आणि ती सुरू करण्याचा एक आकडा. तो आकडा ज्या संगणकावर टाकला त्याच्यापुरताच चालायचा, दुसरीकडं नाही. लोक नकला काढतात म्हणून सरांनी हे कुलूप बसवलं होतं. नव्या प्रतीत ती चौकट नव्हती. आणखी एक सोय होती. दोन अक्षरं टाकली की पुढं बसू शकणारे शब्द ती सुचवायची. त्या हिवाळ्यात धम्मानंदनं आयुष्यातली सर्वांत चांगली कोडी केली. एक मोठं कोडं त्यानं संक्रांतीच्या अंकासाठी केलं, सगळे शब्द बैलगाडी, वखर, जोखड, दावण असे जनावरांच्या अवतीभवतीचे. आपण कुणाचं काही ठेवून घेतलेलं नाही, हे मनात आलं की त्याला हलकं वाटायचं. फार नाही, थोडंसं. अंघोळ करून निघाल्यासारखं.

उन्हाळ्यात भारनियमन वाढलं. लाइट कधी जाईल, कधी येईल, आणि येताना केवढ्या जोरात येईल, याचा नेम नव्हता. एका दुपारी ती आली ती बल्ब फोडूनच. संगणकातून जळका वास आला.

कुलदीप येऊन बघून गेला. आतली डिस्क खराब झाली होती. कोड्यांच्या फ्लॉप्या वेगळ्या ठेवल्या होत्या म्हणून त्या वाचल्या. कुलदीपनं दुसरी डिस्क बसवली, अक्षरजाळी पुन्हा टाकली, पाकिटातला आकडा टाकला. पडद्यावर आलं: ‘हा आकडा या संगणकाचा नाही.’

पुन्हा टाकला. तेच आलं. डिस्क बदलली म्हणजे अक्षरजाळीच्या लेखी संगणकच बदलला होता. पुसदला फोन लावला तर तो लागेना. ‘हा क्रमांक सेवेत नाही’ असं एक बाई सांगायची. धम्मानंदनं जुनी, फुकटची अक्षरजाळी टाकून बघितली. ती लगेच सुरू झाली, चौकटीसकट. पण नव्या प्रतीत केलेली कोडी तिला उघडेनात. सगळा हिवाळा त्या कुलपात अडकला होता.

कुलदीप खुर्चीवर मागं रेलला. “भाऊ, राग नका मानू. ज्यायनं पैसे देले न्हाई त्यायचं चालू हाये, अन् ज्यानं देले त्याचं बंद पडलं. कसं वाटते?”

“कसं वाटंन?” धम्मानंद म्हणाला. त्याला खरंच काही वाटत नव्हतं. इतका तो थकला होता.

जुन्या प्रतीवर पुन्हा बसायला त्याचं मन होईना, आणि आडेंकडं तीनचार आठवडे कोडं गेलं नाही. शेवटी धम्मानंदनं रजा टाकली आणि हिंगोलीहून पुसदची एसटी धरली. ऊन मी म्हणत होतं. खिडकीची काच खाली येत नव्हती. वाटेत दोनदा त्याला वाटलं, उतरावं आणि परत फिरावं. एका खेळासाठी कोण एवढं करतं? पण उतरायलाही अंगात उत्साह लागतो.

धर्मसिंग चव्हाणांचं घर तंत्रनिकेतनाच्या मागच्या वस्तीत होतं. ते तिथं शिकवायचे. दार त्यांच्या पत्नीनं, शिलाताईंनी उघडलं. धम्मानंदनं नाव सांगितलं, काम सांगितलं. “अक्षरजाळी?” त्या म्हणाल्या आणि आत बघून हाक मारली, “अहो, कोणीतरी घरी आलंय, त्यासाठी.” त्यांच्या आवाजात कौतुक होतं की भीती, ते सांगता येत नव्हतं.

सर बाहेर आले. पन्नाशीचा, बारीक, डोळ्यांखाली काळं पडलेला माणूस. फोन का बंद आहे, ते त्यांनी आधीच सांगून टाकलं.

“काढून टाकला. जेवायला बसलो की वाजायचा. हे चालत नाही, ते चालत नाही, तुम्ही लोकांना फसवता. पैसे भरलेले बोटावर मोजण्याइतके. फोन करणारे बहुतेक न भरलेले. त्यांचाच आवाज मोठा असतो.”

“माझी डिस्क जळाली, सर. आकडा चालेना.”

“कळलं मला.” त्यांनी कपाळ चोळलं. “कुलूप चोरांसाठी बसवलं होतं. चोर जुनी प्रत घेऊन गावभर फिरून राहिले. आत अडकले तुमच्यासारखे.”

शिलाताईंनी पाणी आणि मग चहा दिला. सर आतल्या खोलीत जाऊन नवा आकडा काढून आले. काम झालं होतं, धम्मानंदला निघता आलं असतं. पण एवढं आलो आहोत तर विचारून घ्यावं, असं त्याला वाटलं.

“सर, एक इचारू? मी हौशी मानूस. मला यातून काही भेटत न्हाई. माझी कोडी बी लोकायनं फुकट घेतली, त्याचं पुस्तक करून इकलं. मी तुमाले पैसे द्यायला पायजे व्हते काय? का न्हाई दिले तरी चाललं असतं? खरं सांगा.”

सरांनी चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाले, “वापरतात ते देत नाहीत आणि देतात ते विचारत नाहीत. तुम्ही दिलंही आणि विचारलंही.” चहाची बशी त्यांनी खाली ठेवली. “हे बघा, मीसुद्धा ते हौसेनंच केलं. माझ्या आईला शब्दकोडी आवडायची. कॉलेजातून यायचं, पोरांच्या वह्या तपासायच्या आणि मग याला बसायचं. तुम्ही जखमा धुऊन येता, तसंच ते. हौस दोन्हीकडं होती. फक्त तुमची हौस माझ्या हौसेवर उभी होती. म्हणून मला वाटायचं, की खालच्याला थोडं काही मिळावं.”

“बराबर हाये.”

“थांबा. माझी कशावर उभी होती ते ऐका.” सर हसले, पण ते हसू चेहऱ्यावर फार वर चढलं नाही. “प्रोग्राम लिहायलाही एक सॉफ्टवेअर लागतं. ते महाग असतं. मी ते एका मित्राच्या सीडीवरून उचललं. आजपर्यंत त्याचे पैसे दिलेले नाहीत. हौस आहे, कमाई कुठं आहे, असं मीही म्हणत होतो.”

शिलाताई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “हे कधी सांगितलं नाही मला.”

“तू कधी विचारलं नाही,” सर म्हणाले.

धम्मानंदला वाटलं होतं, हो किंवा नाही असं एक उत्तर मिळेल आणि ते घेऊन आपण एसटीत बसू. पण सरांचा राग त्याला आला नाही. हा माणूस आपल्याइतकाच दमलेला आहे, एवढं त्याला कळलं.

“मंग द्यायचं का न्हाई?” त्यानं पुन्हा विचारलं.

“द्यावं,” सर म्हणाले. “जमेल तेवढं. ज्याचं एकट्याचं आहे त्याला आधी. मला मिळालं तेव्हा बरं वाटलं, म्हणून म्हणतो. न देणाऱ्याला मी चोर म्हणत होतो. आता म्हणवत नाही.” मग त्यांनी एक सीडी आणून त्याच्या हातात दिली. “हिला आकडा लागत नाही. नव्या विंडोजवर हे नीट चालत नाही आणि पुन्हा लिहायची ताकद माझ्यात नाही. मी थांबवतोय. कोणी मागितलं तर द्या.”

“लोकायनं पैसे दिले असते तर थांबवलं नसतं ना, सर?”

“माहीत नाही,” सर म्हणाले. “खरंच माहीत नाही. थकलो असतोच. कदाचित जरा उशिरा.”

हिंगोलीत उतरला तेव्हा गोरेगावची शेवटची जीप निघायला थोडा वेळ होता. स्थानकावर आडेंच्या पेपरचा ताजा अंक टांगलेला दिसला. त्यानं घेतला, मागचं पान उघडलं. शब्दकोडं होतं. त्यानं तर महिनाभर दिलं नव्हतं. दुसऱ्या ओळीतच त्याला ओळख पटली. हे त्याचंच होतं, जुनं, त्या चोरीच्या पुस्तिकेतून उचललेलं.

तो स्थानकाच्या बाकावर बसला आणि हसू लागला. शेजारच्या बाईनं आपलं गाठोडं जवळ ओढून घेतलं.

मग तो आडेंच्या कचेरीत गेला. आडे एकटेच होते. धम्मानंदनं पेपर टेबलावर ठेवला.

“साहेब, हे माझंच हाये.”

“कोणतं?”

“हे कोडं. तुमच्याच पेपरात पयले आलेलं. तिकडं चोरीला गेलं अन् आता परत आलं.”

आडेंनी चष्मा लावून बघितलं. त्यांचा चेहरा उतरला. “मले काय मालूम, खंदारे? तुमचं आलं न्हाई, पान रिकामं. कुलदीपनं बुकातून घेतलं.” पेपरची घडी घालत ते म्हणाले, “लोक इचारून राहिले व्हते, कोडं काहून न्हाई म्हणून.”

“मंग आता माझं आइका. नाव छापा. अन् अंक घरी पाठवा. पैशाचं मी बोलत न्हाई. एवढं जमत नसंन तर तसं सांगा, मी थांबतो. मलेबी आराम भेटंन.”

आडे खुर्चीत मागं टेकले. “नाव छापतो. अंकबी पाठवतो. तकलीफ झाली तुमाले.” मग दाराकडं बघत बोलले, “माझा पेपरबी कोन इकत घेते सांगा. सगळे हाटेलात वाचतात.”

पुढच्या अंकापासून कोड्याखाली ‘धम्मानंद पुंजाजी खंदारे, गोरेगाव’ असं नाव येऊ लागलं. पुंजाजी तेव्हा हयात होते. दिसत कमी होतं, म्हणून सुनेकडून वाचून घेतलं. मग पुन्हा एकदा वाच म्हणाले.

सीडीची बातमी कुलदीपला लागायला वेळ लागला नाही. तो एकदा संगणक दुरुस्त करायला आला तेव्हा त्यानं मागितली. धम्मानंदनं दिली. सरांनीच सांगितलं होतं, मागेल त्याला द्या.

“एक काम कर,” तो म्हणाला. “सरायला एक कार्ड टाक. पुसदला. भेटली, चांगली हाये, एवढं लिही. पैसे नको पाठवू.”

“टाकतो ना भाऊ. आजच टाकतो.”

त्यानं टाकलं नाही. वर्षभरानं सपना अंगणवाडीच्या प्रशिक्षणाला हिंगोलीला गेली, तेव्हा कुलदीपनं क्लासशेजारी टाकलेल्या दुकानात अक्षरजाळी इतर शंभर सॉफ्टवेअरांबरोबर एका सीडीवर भरून विकायला ठेवलेली तिला दिसली. घरी येऊन तिनं सांगितलं. धम्मानंद पाय धुत होता.

“मले ठाव व्हतं,” तो म्हणाला.

“मंग देली काहून?”

“सरायनं द्या म्हणलं व्हतं.” त्यानं तांब्या ठेवला. “अन् न देऊन काय केलं असतं? कुलूपच लावलं असतं ना मी बी?”

सपनानं टॉवेल पुढं केला. मग कार्ड तिनंच लिहिलं, नवऱ्याच्या नावानं. त्याला उत्तर आलं नाही. ते पोचलं की नाही, तेही कळलं नाही.

दोन हजार आठ साली आडेंचं साप्ताहिक बंद पडलं. आदल्या वर्षी धम्मानंदची बदली शिरड शहापूरला झाली होती. तिथं काम जास्त होतं आणि घर लहान होतं. कोडी थांबली. लोक विचारायचे, करमत नसेल तुम्हाला. तो म्हणायचा, “न्हाई. गुरुवारची घाई गेली. रविवारी झोपतो.” आणि खरंच, दुपारी जेवण झालं की तो पंख्याखाली सतरंजी टाकायचा आणि भिंतीकडं तोंड करून संध्याकाळपर्यंत झोपायचा.